भावाच्या पुतळ्यावरचा चेहरा

माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा पुतळा धुळ्यात बसवायचं ठरलं, तेव्हा मला आधी संशय आला तो पुतळा समितीच्या अध्यक्षांचा. निवडणूक जवळ आली होती. भाऊ कुठल्यातरी जुन्या कॅसेटवरून ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं दुःखाचं गाणं, शिकला होता आणि आपली अहिराणी गाणी त्या ढंगात गिटारवर वाजवायचा. लग्नात नवरी निघताना त्यानं तार ओढली की बँडवालेही डोळे पुसत. लोकांचा जीव होता त्याच्यावर, हे खरं. पण अध्यक्षांचा कधीपासून?

मूर्तिकार जळगावचा. मी एसटीनं फोटो घेऊन गेलो. एकाही फोटोत भावाचा चेहरा धड नव्हता. वाजवताना मान खाली, केस कपाळावर, तारांवरची बोटं तेवढी स्पष्ट. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या. मूर्तिकार फोटो सोडून माझ्याकडेच बघत राहिला. याच्या मनात काय आहे, कळेना.

"सख्खे भाऊ ना? बसा जरा स्टुलावर. हाडाची ठेवण एकच असते."

मी बसलो. पुढच्या फेरीतही बसलो. घरी सांगितलं, "फोटोवरून करतोय." आता लपवत नाही, मातीतून आपलं नाक वर येताना पाहून मला बरं वाटत होतं. आयुष्यभर मी फक्त त्याचा धाकटा होतो.

साचा घेण्याआधी घरच्यांनी मातीचा पुतळा पास करायचा, अशी पद्धत. वहिनीला घेऊन गेलो. समितीची माणसं मागे उभी. वहिनी पुतळ्याभोवती फिरली, गिटारवरच्या बोटांशी थांबली, चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पास का वहिनी?" अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले.

"चाली," ती मान डोलावून म्हणाली.

परतताना पारोळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलं असेल का? पुढचे काही महिने माझा जीव त्यातच. तिनं चहात साखर कमी घातली तरी मला वाटे, हे त्याबद्दलच.

अनावरणाला चौक भरला. पडदा सरकला. एक म्हातारे आबा शेजारच्याला म्हणाले, "हाऊ बराबर तोच शे." दुसऱ्यानं टोमणा मारला, "आबा, तुमना चष्मा घर राह्यना का?" लोक हसले. मी हसलो नाही.

अध्यक्षांनी हार माझ्या हातात दिला. "सख्खे भाऊ, पहिला मान तुमचा."

मी शिडीच्या पहिल्या पायरीवर चढलो आणि पुढं जाववेना. वर माझाच चेहरा. झेंडूचा वास थेट नाकात. माइकवाला म्हणाला, "भाऊ भावुक झाले आहेत."

वहिनी जवळ आली. हलकेच म्हणाली, "आना इकडे. जित्ता मानूसनी सोताले हार घालू नही."

तिनं हार घेतला, शिडी चढली आणि तो गिटारवर अडकवला. टाळ्या पडल्या.

रात्रीपर्यंत धीर झाला नाही. मग घरी विचारलं, "माहीत होतं तर पास का केलं?"

ती भांडी विसळत होती. "नही म्हनती तर पुतळाच राही जाता. हात तेस्नाच शेतस. मी हात पास कयात."

"मी सांगायला हवं होतं, वहिनी. तिथं माझा चेहरा बघून मला आवडलं होतं."

"ते बी माले दिसनं," ती म्हणाली आणि नळ बंद केला.