जोडीची जहाजं

आमच्या मावसभावाइतका अंतराळ हिंडलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडायचा नाही, आणि हा माणूस ही गोष्ट घडेपर्यंत साध्या नागपूरलाही गेलेला नव्हता. त्याचं गाव सावलीपासून आत, तलावाच्या पाळीवर. घरचा धंदा मासेमारीचा, शिवाय दोन बांध्या धानाची शेती. पण गावात तो फक्त जेवायला आणि झोपायला असे, बाकी मुक्काम कायम वर. चांदण्यांकडे तो शेजारच्या तालुक्याकडे पाहावं तसा पाहायचा, म्हणजे जायला गाडी आहे, फक्त आज सुटली नाही, अशा नजरेनं. "शनीवर जायले मधात एक गाडी बदलावी लागते," असं त्यानं एकदा माझ्या बायकोला इतक्या सहज सांगितलं की तिनं "बसायला जागा मिळते का?" म्हणून विचारलं.

दोन हजार सालच्या आसपास गडचिरोलीच्या बसस्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन तीन, त्यांतलं एक कायम रुसलेलं. दर बुधवारी तो एसटीनं वैनगंगेचा पूल ओलांडून येई, कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसे आणि जहाजं घडवी. आभाळात उडणारी, पण वीतभर उंचीची, शोभेची. लहानपणी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर रविवारी सकाळी अवकाशयानाची एक मालिका लागायची. तिच्यातल्या कप्तानाच्या खोलीत मेजामागे एक फळी होती आणि फळीवर पाच छोटी जहाजं मांडलेली. मालिकेत ग्रह फुटत, लढाया होत, पोरं ओरडत. आमच्या मावसभावाचा जीव मात्र त्या फळीवर. कप्तान मेला असता तरी चाललं असतं, फक्त पडताना त्याचा हात फळीला लागायला नको होता.

कॉम्प्युटरवर जहाज घडवायचं तर ते सगळ्या बाजूंनी ठाऊक हवं, आणि टीव्हीवर कुठल्याच जहाजाचं बुड दिसलं नव्हतं. त्यामुळे याला जगातल्या प्रत्येक वस्तूचं बुड पाहायची खोड लागली. "बुड पाह्यल्याबिगर वस्तू समजत नाई भाऊ," असं म्हणत तो माझ्याकडे येई आणि आधी माझी खुर्ची उलटी करी. त्याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा यानं हातात आलेली कपबशी डोक्याच्या वर धरून खालून पाहिली. चहा मुलीच्या वडिलांच्या धोतरावर. आतून मुलगी जी हसत सुटली ती तिला आवरेना. तिनंच होकार दिला. आजही ती त्याला चहा पितळी गडव्यात देते आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहते.

लोडशेडिंगनं आम्हा सगळ्यांना चिडकं केलं, याला नाही. अर्ध्या जहाजावर वीज जायची, सगळं काम पुसलं जायचं, टायपिंगची पोरं शिव्या घालत बाहेर पडायची आणि हा काळ्या पडद्यासमोर तसाच बसून हवेत बोटानं रेघा ओढत राहायचा. मी हळहळलो तर म्हणे, "गेलं काऊन म्हणता भाऊ? थे अजून आलंच नाई म्हणा." फ्लॉप्या तो स्टीलच्या डब्यात ठेवी आणि ओल धरू नये म्हणून डब्यात मूठभर तांदूळ टाकी. माझ्या मशीनमधून मी हयातभर हिरानक्की तांदळाचे दाणे वेचले आहेत.

त्याची पाचही जहाजं मात्र जोडीची होती. एक लांबट जहाज, त्याच्या उजव्या अंगाला अगदी तसंच दुसरं, मध्ये दोन आडव्या दांड्या. मी विचारलं, अंतराळात असं कशाला? तो म्हणाला, "दोन डोंगे बांधले का उलटत नाई." त्यांच्या घाटावर पाणी चढलं की लग्नाचं वऱ्हाड पार करायला दोन डोंगे, म्हणजे लहान होड्या, बांबूनं शेजारी शेजारी बांधतात, तेव्हा त्याला यात नवल वाटलंच नव्हतं. घडवायलाही सोपं. एक जहाज करायचं आणि मग मिरर नावाची कमांड द्यायची, की शेजारी जुळं उभं.

आता इथं त्याच्या दादाची ओळख करून द्यायला हवी. दादा त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा आणि ताडमाड उंच. ती उंची त्याला भोवली. पंचायतीच्या छतावरचा अँटिना वाऱ्यानं फिरे, आणि तो धरायला गावानं दादाला नेमलं. दर रविवारी दादा छतावर. वरून विचारायचा, "दिसून राह्यलं का?" खालून पोरं ओरडायची, "दोन-दोन दिसून राह्यले. बस, हालू नको." म्हणजे दादानं ती सबंध मालिका छतावरून ऐकली, पाहिली कधीच नाही. संध्याकाळी दोघं भाऊ पाळीवर बसायचे आणि हा त्याला सगळं सांगायचा. फळी कशी, जहाजं कशी, जोडी कशी बांधलेली. दादा जाळं विणता विणता ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "एकडाव मलेही दाखवजो." या एका वाक्यापायी आमचा मावसभाऊ पुढं माझ्या क्लासात येऊन बसला होता. बाकीची कारणं तो देई, पण खरं कारण हेच.

मग एका रविवारी पेपरात वाचलं, की नागपूरचे काही हौशी लोक तीच कप्तानाची खोली हुबेहूब उभी करणार आहेत. मावसभावाच्या जहाजांबद्दल मी त्यांना ईमेल टाकला. उत्तर आलं, फळीवरची जहाजं अजून कुणी केलेली नाहीत, पाठवा. कॉम्प्युटरवरची जहाजं उलगडून कागदावर छापायची, पुठ्ठ्याला चिकटवून कापायची, घड्या घालायच्या, रंगवायच्या, असा त्यांचा बेत. सोबत नमुन्यासाठी एक फोटो होता, मूळ सेटवरचा, स्वच्छ.

त्या काळी फोटो एकदम यायचा नाही, वरून खाली उतरायचा. आधी छत आलं. मग भिंत. मावसभाऊ खुर्चीच्या टोकावर. मग जहाजांचे शेंडे, एक, दोन, तीन, चार, पाच. जुळी जरा खाली असतील म्हणून आम्ही उरलेल्या पाचांची वाट पाहिली. फोटो पूर्ण उतरला. जहाजं पाचच होती, एकेकटी.

काय झालं ते मला कळलं. गावच्या त्या टीव्हीत प्रत्येक चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली पडे, ती यानं लहानपणी खरी धरली होती. "अरे, मग तुला कप्तानही दोन दिसत असतील," मी म्हणालो. "दिसत होते ना," तो म्हणाला. "पण माणूस दोन नसते, येवढं मले समजे. जहाज असू शकते." मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते गिळलं. तो उठला, माठातलं पाणी प्यायला आणि परत येऊन म्हणाला, "दादाले काय सांगू?"

नागपूरवाल्यांना हुबेहूब हवं होतं. जुळं काढून टाकायला एक बटण पुरे, पण त्यावर बोट ठेवून तो दुपारभर बसला. "यातली खरी कोणती, सावली कोणती, सांगा भाऊ," तो म्हणाला. पडद्यावर दोन्ही सारखीच लखलखत होती. शेवटी त्यानं जोडीची जहाजं तांदळाच्या डब्यात जपून ठेवली, एकेकटी नागपूरला धाडली, आणि घरी काहीच बोलला नाही.

खोली उभी राहिल्याचं कळलं तेव्हा आम्ही तिघं नागपूरला गेलो. दादानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. ज्यानं जहाजं केली तो हाच, असं कळल्यावर तिथल्या लोकांनी दोरी सोडून आम्हाला आत घेतलं. दादानं उंबऱ्याशी चपला काढल्या. मेज होतं, कप्तानाची खुर्ची होती, मेजावर लांब मानेचा पेटलेला दिवा होता आणि मागं फळी. दादानं फळीवरची जहाजं एकेक करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "दुसरे कुठी गेले?"

मावसभाऊ म्हणाला, "दादा, थे नव्हतेच. आपल्या टीव्हीत तसं दिसे. आपला अँटिना..." आणि तिथंच थांबला. पण दादाला कळायचं ते कळलं. "म्हणजे मी बराबर धरला नव्हता," तो म्हणाला. रागानं नाही, दुखूनही नाही, जाळ्यातली फाटकी जागा सापडावी तसं. मला तिथून निघून जावंसं वाटलं. मावसभाऊ खाली मान घालून दादाच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिला.

दादा मात्र मेजाकडे वळला. त्यानं तो दिवा मानेशी धरून उचलला, थोडा आमच्या डावीकडे नेला, थोडा डोक्याच्या वर. आम्ही फळीशीच उभे होतो, आमच्याकडे त्याची पाठ होती, आणि फळीकडेही. छतावरून विचारायचा त्याच आवाजात त्यानं विचारलं, "दिसून राह्यलं का?"

फळीमागच्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक जहाजाच्या उजव्या अंगाला त्याची फिकट सावली सरकली आणि शेजारी येऊन थांबली.

"दोन-दोन दिसून राह्यले," मावसभाऊ म्हणाला. "बस दादा, हालू नको."

दादा हलला नाही. उंच हात तसाच धरून, फळीकडे पाठ करून तो उभा राहिला. मागं पाहायला आलेल्या लोकांची रांग वाढत गेली, आमच्या परतीच्या गाडीची वेळ झाली, तरी त्याला आता हाल म्हणून सांगायला माझी जीभ रेटेना.