वहिनींच्या पट्ट्या

घरात बारशापासून तेरवीपर्यंत चार शब्द बोलायचे झाले की मलाच पुढे करतात. गोष्ट रंगवून सांगावी तर मीच, अशी माझी ख्याती आहे. निदान माझी तशी समजूत आहे. म्हणून सुमित्रावहिनींची तेरवी आटोपल्यावर, पहिल्याच बाजाराच्या दिवशी बाभुळगावच्या दवाखान्यात जाऊन तिथे वहिनींकडे येणाऱ्या बायकांना त्या गेल्याचं सांगायचं काम माझ्याकडे आलं. दोन बाजार बायका येऊन तशाच परतल्या होत्या. कंपाउंडरने तोंड उघडलं नव्हतं. "तुमी घरचे, तुमीच सांगा," म्हणाला. ओसरीवर सात-आठ जणी सुजलेले हात मांडीवर घेऊन बसलेल्या. मला पाहताच एकीने विचारलं, "मास्तर, बाई कुठी हायेत?" आणि मी, बोलण्यात पटाईत माणूस, म्हणालो, "गावाले गेल्यात." "कवा येतीन?" "येतीन..." तशी ती खुशीत म्हणाली, "मंग त्यायले सांगजा, माह्या हातावर चोळीची बाही चढते आता." मी मान हलवली आणि सायकलवर टांग टाकून चक्क पळालो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली त्यांच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, वहिनी घरी आल्या, आम्हाला वाटलं सुटलो. वर्षभराने त्याच बाजूचा हात फुगू लागला. बोटं, मनगट, मग दंड... कोणी म्हणालं हत्तीरोग, कोणी म्हणालं करणी. मी म्हणालो, शेक! वाळू तापवून पुरचुंडी केली आणि तीन दिवस जातीने शेकलं. चौथ्या दिवशी हात दुप्पट. वहिनींनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमी आपल्या गोष्टीच सांगत जा."

पुन्हा नागपूर. तिथल्या नर्सबाईंनी आधी माझी हजेरी घेतली, मग समजावलं. काखेतल्या गाठी काढल्या की हातात साचणाऱ्या पाण्याची वाट बंद होते. ते हलक्या हाताने वर सारायचं, हात उशीवर उंच ठेवायचा आणि पट्टी बोटांकडून खांद्याकडे बांधायची, खाली घट्ट, वर सैल. आपली पट्टी आपल्याला एका हाताने बांधता येत नाही, म्हणून आमची ही शिकली. रोज सकाळी चुलीपुढे दोघी जावा बसायच्या. घरच्याच कापसाचा पिंजलेला थर, त्यावर मांजरपाटाच्या पट्ट्या. दोन-तीन महिन्यांत वहिनी पुन्हा भाकरी थापू लागल्या.

त्यांचं चित्त मात्र नागपूरच्या रांगेत पाहिलेल्या बायकांपाशी अडकलं होतं. "माह्यामागं तुमी आहा, तुमचे दादा हायेत. तांड्यावरच्या बाईनं कोनाच्या भरवशावर नागपूर गाठाचं?" असं म्हणत त्यांनी इथल्या डॉक्टरांकडे ओसरी मागितली. बाजाराच्या दिवशी दोन तास, अशा बायकांच्या पट्ट्या बांधायला. डॉक्टर म्हणाले, वरून हुकूम लागेल. "बसाले कायचा हुकूम, साहेब? पेशंट बसतेच ना ओसरीवर? मी बी पेशंटच आहो." डॉक्टर भला माणूस. हसले, आणि पुढे त्यांनीच नागपूरच्या नर्सबाईंना दोन दिवस बोलावून वहिनींचं शिकणं पक्कं करून घेतलं. नंतर नंतर तर पार राजूरहून, कोळशाच्या खाणीवरच्या एका मजुराची बायको मोटार बदलत यायची.

एकदा तांड्यावरची सोनीबाई आली. मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि सुजेने त्या मांसात रुतलेल्या. कापल्याशिवाय पट्टी बसणार नव्हती. डॉक्टरांनी तसं म्हणताच ती उठलीच. "धनी जित्ता हाये माहा, याडी. धनी गेल्यावर उतरवतेत ह्या." तांड्यावर आईला याडी म्हणतात, वहिनींना ती पहिल्या भेटीतच याडी म्हणाली. वहिनींनी आपला पट्टी बांधलेला हात पुढे केला. त्यांच्या सगळ्या बांगड्या दुसऱ्या हातात. "लग्नात नवऱ्यानं एकच हात धरला होता ना तुहा? मंग?" ओसरी हसली. सोनीबाई हसली नाही. तेव्हा वहिनी उठल्या, बाहेर लिंबाखाली बिडी ओढत बसलेल्या तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, आत ये. तूच काप. तुह्या हातानं उतरल्या, त तिले वंगाळ कोन म्हनन?" बाजारातल्या सोनाराकडून बारीक करवत आणली. तो धिप्पाड गडी घाम पुसत एकेक बांगडी कापत होता आणि सोनीबाई त्याला दरडावत होती, "हळू! हात हाये, लाकूड नाही!" कापलेल्या बांगड्या त्याने आपल्या पटक्यात बांधून घेतल्या...

यंदा वहिनींची गाठ पुन्हा उठली. या खेपेला नागपूरच्या डॉक्टरांनी काही समजावलं नाही, नुसती मान हलवली. वहिनीही शांत होत्या. शेवटच्या आठवड्यात एकच घोर, "बाजाराचा दिवस खाली जाऊ देऊ नका. पट्टी सुटली का हात महिन्याभरात होता तसा होते." आम्ही हो म्हणालो. पण बांधणार कोण? डॉक्टरांना वेळ नाही, कंपाउंडर पुरुषमाणूस, आणि माझ्या हाताचा गुण घरादाराने पाहिलेला.

त्या दिवशी ओसरीवरून पळालो तो थेट घरी आलो. हिला सगळं सांगितलं. चोळीच्या बाहीचा निरोपसुद्धा. म्हणालो, "पुढच्या बाजारी खरं सांगतो. सुरुवात कशी करू, तेवढं सुचव."

हिने फडताळातून वहिनींच्या पट्ट्यांचं गाठोडं काढलं. मग म्हणाली, "तुमी नका येऊ. मी जातो. आधी समद्यायच्या पट्ट्या बांधतो, मंग सांगतो. आधी सांगतलं, त बाया डोळे पुसत घरी जातीन, अन् हात तसेच राहतीन."