दुबलगुंडी गेली दोनशेच्या स्पीडने

“एक वाजेपर्यंत सगळा डेटा देतो म्हणून हेड ऑफिसला सांगून टाकलंय,” म्हणत बिरादार सरांनी फोन ठेवला. ते आमच्या बीदर शाखेचे मॅनेजर. सकाळचे दहा वाजले होते. अपलोड नुकतंच सुरू केलं होतं आणि स्क्रीनवर दिसत होतं : अजून दहा तास.

आमची कंपनी ड्रोनने गावांचे फोटो काढते आणि त्यांवरून घरजागांचे नकाशे बनवते. मी तिथे नेटवर्क सांभाळते. दुबलगुंडी गावाचे फोटो भरले होते साडेचारशे जीबी. ते संध्याकाळी सहाच्या आत हैदराबादच्या हेड ऑफिसला पोचले नाहीत, तर पुढचं काम, राजेश्वर गावाचं, दुसऱ्या कंपनीला जाणार होतं. ते गेलं की आमची शाखा बंद. म्हणजे मी हैदराबादला. नवरा आणि पाचवीतली मुलगी बीदरला.

“दहा तास कामून?” सर म्हणाले. “लाइन शंभरची हाय न्हवं? मी हिशेब केलाय. साडेचारशे जीबी म्हणजे साडेचार लाख एमबी. भागिले शंभर, साडेचार हजार सेकंद. सव्वा तास!”

“सर, लाइन शंभर मेगाबिटची आहे. फोटो मेगाबाइटमध्ये मोजलेत.”

“मग?”

“आठ बिटांचा एक बाइट. लाइनचा वेग बिटांत सांगतात, फाइलचा आकार बाइटांत. शंभर मेगाबिट म्हणजे सेकंदाला फक्त साडेबारा मेगाबाइट. तुमच्या सव्वा तासाला आठाने गुणा.”

सरांनी मोबाइलवर गुणलं. दहा. पुन्हा गुणलं. दहाच.

“हे आधी कामून सांगितली न्हाईस?”

आठवड्यापूर्वी त्यांनी ‘लाइन शंभरची न्हवं?’ असं विचारलं होतं आणि मी ‘व्हय सर’ म्हणाले होते. शंभर काय, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता मीच म्हणाले, “सर, मी हार्ड डिस्क घेऊन बसने जाते.”

“बसनं? आपण डिजिटल कंपनी हाव गं!”

“सहाला आठ तास उरलेत, सर.”

मूळ डेटा ऑफिसबाहेर न्यायचा नाही, असा नियम. म्हणून डिस्कवर कॉपी लावली. डिस्कचा वेग मात्र खरोखर सेकंदाला शंभर मेगाबाइट होता. बरोबर सव्वा तास लागला.

“बघ,” सर म्हणाले, “माझा हिशेब चुकला नव्हता.”

बाराची बस मिळाली. शेजारच्या मावशींनी विचारलं, “मांडीवर काय धरलीस एवढं जपून?”

“दुबलगुंडी हाय, मावशी.”

“सगळं गाव?”

“व्हय, घरादारासकट.”

त्या जरा सरकून बसल्या. झहीराबादला ड्रायव्हर जेवायला उतरला आणि अर्धा तास आलाच नाही. मी दोनदा खाली उतरून बघून आले. हैदराबादच्या ट्रॅफिकमध्ये तर दर मिनिटाला घड्याळ बघत होते. पाच वाजता डिस्क हेड ऑफिसच्या टेबलावर ठेवली आणि सरांना फोन केला. ते म्हणाले, “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी रिपोर्टचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना : ट्रान्सफरचा सरासरी स्पीड. सरांना आता बिट-बाइटची गोडी लागली होती. “बिटातच लिही, बरं का.” मी प्रामाणिकपणे हिशेब केला. छत्तीस लाख मेगाबिट, बारा ते पाच असे पाच तास, म्हणजे अठरा हजार सेकंद. सेकंदाला दोनशे मेगाबिट. लिहिलं : दोनशे एमबीपीएस. कशाने पाठवलं, हे विचारणारा रकानाच नव्हता. त्याच पाकिटात सरांनी जास्त वेगाच्या लाइनचा अर्ज जोडला.

दहा दिवसांनी हेड ऑफिसच्या खरेदी विभागाचं उत्तर आलं; तिथे कोणी डिस्क पाहिली नव्हती. आपल्या शाखेला प्लॅनच्या दुप्पट वेग मिळत असल्यामुळे नव्या लाइनची गरज दिसत नाही. सदर सेवा कोण पुरवतं ते कळवावं. इतर शाखांनाही घ्यायची आहे.

सरांनी ते दोनदा वाचलं. “आता काय कळवू?”

“खरं ते कळवा, सर.”

“खरं कळवलो तर तुझ्या फॉर्मचं काय?”

मग आम्ही काहीच कळवलं नाही. राजेश्वरचं काम आम्हालाच मिळालं, शाखाही टिकली. लाइन अजून शंभरचीच आहे. तेव्हापासून स्पीड लिहिताना मी बिट की बाइट ते लिहितेच, आणि शेजारी गाडीचं नावही लिहिते.