सारिकाला नसलेलं दुखणं

लिहायला बसले आणि आधी उठून दाराला कडी घालून आले. घरात कुणी नाही. नवरा कामावर, पोरगी शाळेत. मग भिते कुणाला? पण भितेच. हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, आई गेली, तोवर तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि परवा ऑफिसात कळलं की समिती पुन्हा येणार आहे.

कसली समिती? थांबा, सांगते. विद्यापीठाच्या एका केंद्रात मी शिकवते. धाराशिव जिल्ह्यात, माळावर आहे ते. नाव विचारू नका. पगारापासून खडूपर्यंत सगळं सरकारचं. मुलींचं वसतिगृहही सरकारच्याच पैशातून उभं राहिलं — दुमजली, बाहेरून गुलाबी रंग. पण त्यात एक मुलगी कधी राहिली नाही. नळ होते, नळाला पाणी नव्हतं. तरी दरवर्षी वर कळवलं जायचं, की वसतिगृह चालू आहे, मुली आनंदात आहेत. आणि कागदावर त्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. तेव्हा मी कंत्राटी होते, कायम होण्याची फाईल संचालक सरांच्या टेबलावर पडलेली. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगितलं.

सारिका मुरूम गावाकडची. वडील मेंढरं राखायचे. पोरगी केमिस्ट्रीत लई हुशार, आणि तोंडानं तशीच फटकळ. सरकारी वसतिगृह आहे, कुलूप-पहारा आहे, एवढ्या भरवशावर बापानं तिला इतक्या लांब पाठवलेलं. इथं आल्यावर काय? पत्र्याची भाड्याची खोली. घरमालकाचा भाऊ पिऊन आला की दार वाजवायचा. तिनं मला येऊन सांगितलं होतं. मी म्हणाले, बघू. काय बघणार होते मी, कपाळ?

मग समिती यायची ठरली. दिलेल्या पैशाचं तुम्ही काय केलं, हे बघायला. समिती म्हटलं की आमच्याकडं लगीनघाईच — आणि खरंच लग्नाच्या कार्यालयातनं गाद्या आल्या. टँकर बोलावून वरची टाकी भरली. मुलींना सांगितलं, धुतलेले कपडे घेऊन या, दोरीवर घाला, जुन्या चपला दारात काढा. हे सगळं कुणाच्या डोक्यातनं निघालं? माझ्या. न्हाणीत नवा साबण दिसला तर कळेल म्हणून मी घरचा झिजलेला साबण नेला. मुली हसल्या. एकजण म्हणाली, मॅडम, तुमच्या घरच्या सरांना आज बिनसाबणाचीच आंघोळ का? मीही हसले. मजा वाटत होती हो, लपवून कशाला ठेवू?

समितीत पुण्याच्या एक मॅडम होत्या. बारीक, शांत. त्यांनी नळ सोडून बघितला, पाणी आलं. गादीवर हात फिरवला. मग मुलींच्या घोळक्याकडं वळून सहज विचारलं, काय गं, बरं वाटतं ना इथं?

आणि सारिका म्हणाली, "मॅडम, इथं कुणीच राहत नाही. या गाद्या आज सकाळी आल्यात."

खोटं नाही सांगत, भिंत धरली मी. संचालक सर माझ्याकडं बघत होते. पुण्याच्या मॅडमही बघत होत्या. आता गेलं सगळं — नोकरी, फाईल, कदाचित पोलीसही. आणि मग माझ्या तोंडातनं आवाज आला, अगदी मायेचा. मी मॅडमना बाजूला घेतलं, पण इतकंही बाजूला नाही की मुलींना ऐकू जाऊ नये. म्हणाले, "हिला बरं नसतं, मॅडम. मनाचं आहे. आम्हीच सांभाळून घेतो."

सारिकाला आधी कळेना हे कुणाबद्दल चाललंय. मग कळलं, तशी ती ओरडली, रडली, हातातली वही फेकली. आणि पुण्याच्या मॅडमनी मान हलवली, जणू माझं म्हणणं पटलं. पुढं त्यांनी कुणाला काही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, हाच तुझा गुन्हा. घाबरलीस, तोंडातनं निघून गेलं. मीही स्वतःला लई दिवस तसंच सांगत आले. पण ते नाही. ते नंतर आहे. त्याच्याजवळ येऊन येऊन मी मागं फिरते — आत्ताही हात थांबतोय.

मुलींनी ते ऐकलं होतं. गाद्यांचं खरं त्यांना ठाऊक होतं, पण तिचं ओरडणंही त्यांनी बघितलं होतं. मुरूमकडच्या एकीनं घरी सांगितलं, तिथनं ते गावभर झालं. आणि एका दुपारी सारिकाचे वडील माझ्या केबिनमध्ये आले. घोंगडी खांद्यावर, चपला बाहेर काढलेल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. वाटलं, आता जाब विचारणार. हात जोडले त्यांनी.

"म्याडम, आमच्या ध्यानातच आलं न्हाय बघा. तुमी शिकलेली माणसं, तुमी वळखलं. आता कुणाला दाखवावं पोरीला?"

एक वाक्य पुरलं असतं. तुमची पोरगी ठणठणीत आहे, खोटं मी बोलले. दार बंद होतं, तिसरं माणूस नव्हतं. पण समितीचा अहवाल अजून जायचा होता, आणि हा माणूस पोरीचा हात धरून सरळ पुण्याला, त्या मॅडमकडं गेला असता. हे सगळं मी विचार करून ठरवलं. या वेळी तोंडातनं निघून गेलं नाही. मी त्यांना चहा मागवला आणि सोलापूरच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते नाव त्यांच्या लक्षात राहीना, म्हणून त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. झोप येत नाही म्हणते, चिडते, हेही डॉक्टरांना सांगा म्हणाले. का येत नव्हती झोप, हे मला ठाऊक होतं.

वडिलांनी सारिकाला गावी नेलं, ती परत आली नाही. अहवाल चांगला गेला. मी कायम झाले. तिच्या खोलीतली मैत्रीण एकदा येडशी स्टेशनवर भेटली, तिनं सांगितलं — सारिकाला गोळ्या चालू आहेत. दिवसभर झोपून असते, हात थरथरतात. मला काही झालं नाही म्हणाली, की घरचे म्हणतात, असल्या माणसांना कळत नसतं.

आता समिती पुन्हा येणार. नव्या संचालकांनी मला बोलावून सांगितलं, वसतिगृहाचं तुम्हीच बघा, तुम्हाला अनुभव आहे. मी हो म्हणाले. घरी येऊन बाथरूमचं दार लावून बसले, बराच वेळ.

सारिकाला काही झालेलं नव्हतं. हे खात्रीनं फक्त दोघींना ठाऊक आहे, तिला आणि मला. आणि तिचं कुणी खरं मानत नाही.