सातव्या गाण्याचा शेवटचा शब्द

गेल्या मंगळवारी निमोण्यात एका घरी टीव्ही बसवायला गेलो होतो. शिरूरला माझं छोटं दुकान आहे, टीव्ही-डिशची कामं करतो.

त्याआधी बारा वर्षं पुण्यात एका कंपनीत होतो. टीव्हीवर जाहिरात करून जुन्या गाण्यांचे संच विकणारी कंपनी... आधी कॅसेट, मग सीडी. पडद्यावर सरकणारी गाण्यांची यादी, खाली फोन नंबर आणि प्रत्येक गाण्याचा एकच तुकडा, आठवतंय ना? ते तुकडे मी कापायचो. ऐकणाऱ्याला अजून हवंसं वाटेल, नेमकं तिथंच कापायचं!

आमची जाहिरात भर दुपारी लागायची. सुरुवातीला ऑर्डरचे फोन थांबत नव्हते. मग गाणी मोबाइलवर फुकट आली, आणि एका दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप लागलं.

उरलेल्या संचांचा एक खोका माझ्याकडे आला. बायको चिडवते, "आयुष्यभर अर्धीच गाणी केलीत तुम्ही." मी हसतो, पण लागतं. बारा वर्षं वाया गेली असं मलाही वाटायचंच. त्या मंगळवारी खोका भंगारात द्यायचा म्हणून व्हॅनमध्ये टाकला होता.

तर निमोण्यात मी भिंतीला भोकं पाडत होतो आणि घरातले आप्पा ओट्यावर लसूण सोलत गुणगुणत होते. एक ओळ... मग तेवढाच वेळ गप्प... मग भलत्याच गाण्याची ओळ. माझा हात थांबला. माझ्या यादीतलं पहिलं, तिसरं, पाचवं गाणं!

सातव्याला मी श्वास रोखला. त्या ओळीचा शेवटचा शब्द माझ्याकडून घाईत कापला गेला होता. जाहिरात तशीच लागली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. आप्पांनी ती ओळ म्हटली... आणि बरोब्बर तो शब्द गाळून थांबले.

"आप्पा, ही गाणी कुठं ऐकलीत?"

"टीव्हीवर लागायची की दुपारची. मी आन् आमची मंडळी जेवून बसायचो. एक वळ माझी, एक तिची. आख्खी गाणी मागवायची लई हौस तिला, पर तवा घरात फोन कुठं व्हता?" मग म्हणाले, "चार वर्सं झाली तिला जाऊन. तिच्या वळी म्या म्हणत न्हाई."

मी काम तसंच सोडलं. आप्पांना हाताला धरून व्हॅनमध्ये बसवलं, जुन्या प्लेअरला सीडी लावली. सातवं गाणं. आप्पांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"ब्येस हाय. आख्खं आसं हाय व्हय!" मग मान हलवून म्हणाले, "पर आमचं तिथंच थांबायचं. फुडची तिची आसायची."

आणि त्यांनी ती ओळ म्हटली. माझ्या चुकीसकट. आणि गप्प झाले.

आठवी ओळ मला पाठ होती... भीत भीत म्हटली. आप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं, डोळे पुसले आणि नववी सुरू केली.

संच त्यांच्याकडेच ठेवला. खोका भंगारात दिला नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि म्हटलं, अर्धी होती म्हणून तर दोघांना वाटून घेता आली.