गाऱ्हाण्यातून काढलेली झर

माझ्या चुलत भावाने माझ्या वडिलांना फसवलं. त्यांच्या तोंडचं गाऱ्हाणं नेलं आणि त्यातली एक ओळ गिळली. तो आज इंग्लंडमध्ये आहे. वडील इथे गोव्यात, सुर्ल्यात, वाचा गेलेले.

आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान वडिलांचा. सीमेवरच्या एकेका जागेचं नाव घेऊन ते तिथल्या राखणदाराला हाक मारत, मागे सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणत. त्यातल्या अर्ध्या जागा खाणीने खाल्ल्या. डोंगर होता तिथे खड्डा आहे, तांबड्या पाण्याने भरलेला. तरी वडील एकही नाव सोडत नसत. एका ठिकाणी त्यांचा आवाज खाली यायचा:

"म्हाताऱ्याचे झरीच्या राखणदारा, झर आमच्याच घरान खाणीक दिली, ती चूक पोटात घाल!"

झर देणारा माझा काका, म्हणजे याचा बाप. शाळेतून येताना आम्ही दोघं त्याच झरीवर पालथे पडून पाणी प्यायचो.

तीन वर्षांपूर्वी हा भाऊ इंग्लंडहून मोबाइल घेऊन आला. "काका, थंयच्या आमच्या भुरग्यांक गाव कळपाक जाय." तिकडे वाढणाऱ्या मुलांना गाव कळावं म्हणून, हे ऐकून वडील खूश. धुतलेलं धोतर नेसून खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, सगळं गाऱ्हाणं म्हटलं. तिकडच्या गोंयकारांच्या मेळाव्यात तो व्हिडिओ बघून लोक रडले म्हणे. मी बघितला. झर नव्हती.

मी फोन लावला.

"दादा, ती घरातली भानगड. परक्यांक कित्याक सांगप?"

"देवाक सांगताना लज ना, आनी तुज्या मेळाव्याक लज?"

"तुजें नाव घालतां सकयल. व्हड अक्षरांनी." व्हिडिओखाली माझं नाव, ही त्याची लाच.

जुने टिप्पर घेण्या-विकण्यात माझं आयुष्य गेलं. क्लीनर होतो, आज माझं स्वतःचं यार्ड आहे. समोरचा किती वाकेल ते मला आवाजावरून कळतं. "म्हजें नाव तुज्या कपाळार घाल," मी म्हटलं. "झर परत घाल."

त्याने फोन ठेवला. आजवर उचललेला नाही.

मग वडिलांना पक्षाघाताचा झटका आला; वाचा आणि एक हात गेला. नवा गाऱ्हाणेकरी त्याच व्हिडिओवरून पाठ करून आला. यंदा देवळात तो वडाच्या राखणदारावरून थेट सीमेच्या दगडावर गेला. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" खुर्चीवर उचलून आणलेल्या वडिलांनी चालता हात वर केला. तो हात कुणी बघितला नाही. मी झरीचं नाव घेऊन ओरडलो.

"व्हिडिओत ना ती," गाऱ्हाणेकरी म्हणाला. "तुका येता जाल्यार तू म्हण."

येते. पण मी म्हटली तर माझा चुलत भाऊ सुटला. ज्याच्या बापाने झर दिली आणि ज्याने स्वतः तिचं नाव कापलं, त्यानेच ती ओळ म्हणायची. विमानात बस आणि ये. त्या काठावर, वडिलांच्या खुर्चीसमोर उभा राहा आणि सगळ्या गावादेखत सांग: झर कुणी दिली? आणि देवाच्या कानावरून ती कुणी पुसली?