झाकण असलेलं बटण

मामानं ते चाक गोणपाटात गुंडाळून चारकोपला आणलं, ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. गिरणी सुटल्यावर तो गावी जाऊन होडी चालवू लागला होता. त्याचं जाळं तळाशी अडकलं आणि जाळ्याबरोबर हे वर आलं. लढाईच्या काळात तिथे एक विमान पडलं होतं, असं गावातली म्हातारी माणसं सांगत.

मी विमानतळावर मेकॅनिक. साहजिकच आमच्या खानदानात विमानाबद्दलचा शेवटचा शब्द माझा.

“तू इमानातलो माणूस,” मामा म्हणाला. “ह्यां बॉम्बवाल्या इमानाचा काय सामानाच्या, ता सांग. खाली अजून लोखंड हा. उद्या मुहूर्तार ओढून काढूचा म्हणतंय.”

वैमानिकानं विमान वळवायला हातात धरायचं अर्धगोल चाक, शिंपल्यांनी भरलेलं. मी ते दोनदा फिरवून पाहिलं आणि ठोकून दिलं, “सामानाचं. बिनधास्त ओढा.” खरं तर मला कळलेलं नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ रेटेना.

आईनं चाक चिंचेनं घासलं आणि माझ्या पान्यांशेजारी पूजेला मांडलं. मुठीत एक भोक होतं, त्यात तिनं उदबत्ती खोचली. मीही हात जोडले. चाक माझ्याकडे ठेवून मामा संध्याकाळच्या एसटीनं गेला.

दसऱ्याला मी अंधेरीत माझ्या उस्तादांकडे सोनं द्यायला गेलो. त्यांनी तरुणपणी हवाई दलात काम केलेलं. चाक मिरवायला बरोबर घेतलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं, तसा त्यांचा अंगठा आपोआप त्या भोकावर आला. मग ते खिडकीशी गेले आणि भोकाच्या कडेची राख नखानं खरवडू लागले. खाली एक बारीक बिजागरी निघाली.

“इथे बटण होतं,” ते म्हणाले. “त्यावर झाकण, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. रेडिओवर बोलायच्या बटणाला कोणी झाकण लावत नाही रे. हे बॉम्ब सोडायचं.”

मामाच्या होडीत त्याचे दोन्ही मुलगे असणार होते.

मामाच्या गावात फोन एकच, किनाऱ्यावरच्या किराणा दुकानात. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून ट्रंक कॉल लावला आणि स्टुलावर बसून राहिलो. येणारीजाणारी माणसं आपट्याची पानं हातात ठेवत होती, मी ती खिशात कोंबत होतो. मला सगळ्यांचा राग येत होता. लाइन लागली तेव्हा दुपार कलली होती.

मामा दुकानातच होता, खुशीत. “गावला! मोठो नळो हा लोखंडाचो. वाळूर आणून टाकलो. पोरां घणान गंज काढतत.”

त्याच्या बोलण्यामागे ठोके ऐकू येत होते.

“मामा, तो बॉम्ब असेल. घण थांबवा. सगळ्यांना लांब न्या.”

रिसीव्हर कशावर तरी आपटला. ठोके चालूच होते. मग ते थांबले, आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात दोन्ही पोरांना मारून मोकळा झालो होतो.

शेवटी धापा टाकणारा आवाज आला. “थांबयलंय. पोरां लांब नेली. आता काय करूचा, ता सांग.”

केमिस्ट माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “मामा, मला माहीत नाही.”